तलावाच्या पारीवरची मिनीबस

माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक कधी कधी विचारतात, डायनामोच्या पट्ट्यात सापडली का बोटं? मी हो म्हणतो. हॉर्न दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतात, आणि बोटांची खरी गोष्ट दहा मिनिटांत सांगण्यासारखी नाही.

एका मे महिन्यात दुकानासमोर एक जुनी मिनीबस येऊन थांबली. फिका निळा रंग, दारं पत्र्याची, टपावर पाण्याची टाकी. आतली बाकं काढून माणसाने तिथे घर केलं होतं. एका बाजूला पलंग, त्याखाली पेट्या, मागे गॅसची शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चालवणारा सत्तरीला आलेला बालाघाटकडचा माणूस. तरुणपणी तो तलावांची मोजणी करणाऱ्या खात्यात नोकरीला होता आणि त्याची काही वर्षं आमच्याकडे गेली होती, भंडारा-गोंदिया एकच जिल्हा होता तेव्हा. आता बायकोला घेऊन तो तेच तलाव पुन्हा बघत फिरत होता. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गाडी लावायची, चार-आठ दिवस राहायचं, वहीत पेन्सिलीने तलाव काढायचा, पुढे जायचं. बायको दवाखान्यात नर्स होती, तीही निवृत्त झालेली. दोघं हिंदी बोलायची, पण म्हाताऱ्याला आपली बोली चांगली कळत होती.

त्यांची अडचण साधी होती. गाडीत नऊ पिवळे बल्ब होते, जुन्या पद्धतीचे. जेवण होईपर्यंत बॅटरी उतरायची आणि सकाळी गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागायची. शिवाय मे महिना. "अंदर तंदूर लगता है," म्हातारी म्हणाली आणि तिने मला एक पडदा दाखवला. बल्बला लागून लागून तो भाकरीसारखा करपला होता.

मी एका दुपारीत नऊही बल्ब काढले आणि त्यांच्या जागी एलईडी दिवे बसवले. होल्डर गंजलेले होते, ते घासून साफ केले, दोन नवे टाकले. जुन्या बल्बला उलटंसुलटं नसतं, कोणतीही तार कुठेही लावा, तो पेटतो. एलईडीला अधिक-उणं पाहावं लागतं. ते सगळं नीट करून मी बटण दाबलं. म्हातारीने दिव्यावर तळहात धरला, तो थंडच राहिला तशी ती हसली आणि नवऱ्यालाही हात लावायला लावला. दोघं साकोलीच्या दिशेने निघून गेली.

आठव्या दिवशी म्हाताऱ्याचा फोन आला. पाच दिवे गेले होते.

मला तिथेच कळलं की चूक माझी आहे. मी दिवे तपासले ते इंजिन बंद असताना. डायनामोच्या विजेचा दाब आवरतं ते कटआऊट; जुन्या गाडीचं ते म्हातारं झालेलं असतं, इंजिन जोरात पळालं की दाब वाढू देतं. पिवळा बल्ब तो सोसतो. एलईडी सोसत नाही. नवशिक्याने करावी अशी चूक, आणि माझ्या हाताला या कामाची वीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "बाबूजी, तुमी येऊ नोका. मीच येतो."

रविवारी सकाळी मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी, नवे दिवे आणि एक नवं कटआऊट घेऊन मी निघालो. ती दोघं एकोडीच्याही पुढे एका गावाच्या तलावावर थांबली होती. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावचे ट्रॅक्टर अजून माझ्या दुकानात येतात.

त्या दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. लहान मुलांना गाडीत घालून नेणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, एक म्हातारा आणि एक बाई असते, मुलांना खाऊ देतात, असं त्यात एक माणूस सांगायचा. कोणी म्हणे गाडी पांढरी आहे, कोणी म्हणे निळी. माझी बायको अंगणवाडीत आहे, तिला आया रोज विचारायच्या. तिने मला सांगितलं होतं की हे सगळं खोटं आहे, वरून तसं कळवलंही आहे. तरी तो व्हिडिओ मी दोन ग्रुपवर पुढे पाठवला होता. आला, पाठवला.

मी पोहोचलो तेव्हा नऊ-साडेनऊ झाले असतील. तलावाचं पाणी आटून मधोमध गेलं होतं. पारीवर मोहाच्या झाडाखाली मिनीबस उभी होती आणि सात-आठ मुलं म्हाताऱ्याच्या खुर्चीभोवती गोळा झाली होती. तो त्यांना वहीतला तलाव दाखवत होता. म्हातारी मुरमुऱ्याचे लाडू वाटत होती. मी चहा घेतला, बॅटरीची तार काढली आणि कामाला लागलो.

कटआऊट बदललं. मेलेले पाच दिवे काढून नवे घातले. या वेळी इंजिन चालू करून, रेस देऊन दाब मोजला. बरोबर होता. मग इंजिन बंद केलं. तेवढ्यात एक सहा-सात वर्षांची मुलगी पायरी चढून आत आली. दोन वेण्या, एका हातात अर्धा लाडू. "लाइट लावला का जी?" तिने विचारलं.

"लावला. पाहाचा हाये का?"

"हो."

बाहेर लख्ख ऊन होतं. उजेडात दिवा काय दिसणार? म्हणून मी पडदे ओढले आणि पत्र्याचं दार लावून घेतलं. गाडीत मी, म्हातारी आणि ती मुलगी. मी बटण दाबलं, नऊच्या नऊ दिवे एकदम पेटले आणि मुलगी "ओ माय!" म्हणून ओरडली. आनंदाने ओरडली. मोठ्याने ओरडली.

बाहेर तिची काकू तिला शोधत पारीवर आली होती.

पुढचं सगळं मी नंतर जोडून जोडून समजून घेतलं. काकूने मुलीचा आवाज बंद गाडीतून ऐकला. पडदे ओढलेले, दार लावलेलं, बाहेर एक अनोळखी म्हातारा. ती किंचाळली तेव्हा मी दार उघडलं. मुलगी उडी मारून तिच्याकडे गेली. काकूने तिला छातीशी धरलं आणि गावाकडे पळत सुटली, ओरडत, "पोट्टीले नेऊन राहिले वो! नेऊन राहिले!" बाकीची मुलं भेदरून तिच्या मागे पळाली.

म्हातारा मला म्हणाला, "क्या हुआ? कौन किसको ले जा रहा है?"

मी म्हटलं, "काही नाही बाबूजी. समजाऊन सांगू." आणि घाईघाईने बॅटरीचं झाकण लावलं. गाव तिथून दोनशे पावलांवर. आधी एक कुत्रं भुंकलं, मग दारं वाजली, आणि मग तो आवाज आला. माणसं धावतात तेव्हा कोणी शब्द बोलत नाही, नुसता एक हुंकार येतो. तो मी ओळखला. कारण पूर्वी एकदा मी त्याच्या आत होतो.

जिल्हा तुटून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी तुमसरला एका राइस मिलमध्ये मोटारी बघायचो. मिलमधून तांब्याची तार चोरीला जात होती. एका सकाळी कुंपणाजवळ एक माणूस सापडला, कुणीतरी "चोर" म्हटलं आणि आम्ही वीस-पंचवीस जण धावलो. मी त्याला ओळखत नव्हतो. माझी तार चोरीला गेली नव्हती. मी त्याच्या पाठीत दोन लाथा घातल्या आणि तिसरी कानावर. त्याच्या कानातून रक्त आलं तेव्हा मला भीती वाटली नाही, बरं वाटलं. खरं तेच सांगतो. अंगातलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. नंतर कळलं की तो शौचाला बसला होता. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये कोणी त्याचा विषय काढला नाही. मीही नाही.

तर तो हुंकार आला आणि मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबूजी, गाडी काढा! पहिले गाडी काढा!" तो चालकाच्या सीटवर चढला. चावी फिरवली. इंजिन चालू झालं नाही. बॅटरीची तार मी चाचणीपुरती नुसती अडकवली होती, परत घट्ट केलीच नव्हती; झाकण लावताना ती निसटली असणार.

पहिला दगड समोरच्या काचेवर बसला. काच फुटली नाही, पांढरी झाली. दुसऱ्या दगडाने ती आत आली. साठ-सत्तर माणसं होती, बायकाही होत्या. हातात बैल हाकायची तुतारी, बैलगाडीच्या कडेचे दांडे, म्हणजे उभाऱ्या, एकाकडे सायकलची चेन. म्हाताऱ्याला दोघांनी खिडकीतूनच ओढलं. त्याचा पाय स्टिअरिंगमध्ये अडकला होता, तरी ते ओढतच राहिले. मी ओरडत होतो, "अबे मी शहापूरचा हाव! वायरिंगवाला हाव! लाइट बसवाले आलो!" माझं मलाही ऐकू येत नव्हतं.

मी दारात उभा राहिलो, कारण म्हातारी आत होती. तीन जण पायरीवर आले. सगळ्यात पुढे वीस-बाविशीचा पोरगा होता, नुकतीच मिशी फुटलेला. त्याने तुतारीने माझ्या खांद्यावर मारलं. माझ्या हातात बॅटरीचा पाना होता. मी तो त्याच्या तोंडावर मारला. दात तुटल्याचा आवाज पान्यातून माझ्या कोपरापर्यंत आला. तो खाली बसला, ओंजळीत रक्त आणि दात धरून. आणि मी पुन्हा पाना उचलला. तो खाली बसलेला होता, त्याच्या हातात काही नव्हतं, तरी मी उचलला. मारला नाही तो एवढ्यासाठीच की मागून कुणीतरी माझ्या हातावर उभारी घातली. बोटं तेव्हा गेली. पाना पडला.

मग मीही पडलो. खाली पडलेल्या माणसाला पाय दिसतात फक्त. चपला, बूट, अनवाणी टाचा. मार नक्की कुठे लागतो ते कळत नाही, तो एकाच वेळी सगळीकडे लागतो. तोंडात पारीवरची माती गेली. मी पोटाशी गुडघे घेतले आणि डोकं हातांत धरलं. एक बाई सारखी म्हणत होती, "डोये फोडा त्याचे, डोये फोडा." तिचा आवाज माझ्या मावशीसारखा होता. गाडीत कुणीतरी शिरलं होतं, भांडी बाहेर येत होती, पडदे फाटत होते. माझ्या डोक्याजवळ एक दिवा तारेसकट येऊन पडला. कोणीतरी त्यावर पाय दिला.

"थांबा! थांबा रे! अबे हा तं शहापूरचा वायरिंगवाला होय!"

त्या गावच्या एका ट्रॅक्टरवाल्याचा तो आवाज होता. दोन महिन्यांपूर्वीच मी त्याच्या ट्रॅक्टरची पूर्ण वायरिंग बदलली होती. त्याने माझ्यावरच्या माणसांना ढकललं, मला बखोटीला धरून उठवलं आणि झाडाच्या बुंध्याशी बसवलं. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. आताच मला लाथ मारलेला एक माणूस माझ्या पाठीवरची माती झटकू लागला. "लागलं का भाऊ जास्त?" त्याने विचारलं. खरंच विचारलं.

आणि दहा पावलांवर ते म्हाताऱ्याला मारतच होते.

ते मला अजून कुणाला नीट समजावून सांगता येत नाही. मी पाणी पीत होतो, आणि समोर तो माणूस मातीत पडला होता, पांढरे केस लाल झालेले, आणि मारणारे पाळीपाळीने मारत होते. त्याची बायको त्याच्यावर आडवी पडली होती. तिला केसांना धरून बाजूला करत आणि पुन्हा मारत. ती पुन्हा सरपटत त्याच्यावर यायची. मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "त्याइले सोडवा."

"तुमी बसा. ते बाहेरचे होत."

"ते चोर नोहोत! तलाव पाहाले आले ते!"

"तुमाले का मालूम? असे गाडीवाले खरं थोडीच सांगतेत तुमाले?"

मी खरं सांगत होतो आणि खऱ्याचा काही उपयोग होत नव्हता. मी एक गिऱ्हाईक ओळखतो, एवढंच ते खरं होतं. मग माझ्या तोंडून निघालं, जमेल तेवढं मोठ्याने निघालं, "माझा सासरा होय तो! सासरा होय माझा! माझ्या सासऱ्याले मारून राहिले तुमी!"

आधी जवळचे दोन जण थांबले. मग शब्द पुढे गेला, "सासरा होय म्हणते याचा." उभारी घेतलेल्या माणसाने ती खाली टेकवली आणि माझ्याकडे रागाने पाहिलं.

"मंग पहिलेच काहून नाई सांगतलं?"

जणू चूक माझी होती. गर्दी सैल झाली. मागचे लोक घराकडे वळूही लागले. गावच्या पोलीस पाटलाने तेवढ्यात ठाण्याला फोन केला होता; जीप यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात म्हातारीने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्याच साडीचा पदर फाडून जखम दाबली आणि कुणाला तरी हुकूम दिल्यासारखं म्हणाली, "साफ पानी. उबला हुआ." एक बाई धावत गेली आणि पाणी घेऊन आली. म्हातारीच्या गळ्यावरचे ओरखडे त्याच बाईच्या हाताचे होते की दुसऱ्या कुणाच्या, मला माहीत नाही.

म्हातारा वाचला. साकोलीहून त्याला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तीन बरगड्या आणि उजवं मनगट मोडलेलं, डोक्याला चौदा टाके, एक कान कायमचा बंद. माझी दोन बोटं आणि खांदा. आम्ही एकाच वॉर्डात होतो, चार खाटांच्या अंतरावर. कुणाची ताटली खाली पडली तरी म्हातारा हात डोक्यावर घ्यायचा.

चौथ्या दिवशी त्या मुलीची आई वॉर्डात आली. बरोबर ती काकूही होती. हातात स्टीलचा डबा होता. दोघी म्हाताऱ्याच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि आई म्हणाली, "आमाले माहीत नोहोतं जी. भरम झाला." म्हातारीने, वॉर्डात सगळे तिला नर्सबाई म्हणू लागले होते, डबा हातात घेतला. इतकी शांत बाई मी पाहिली नव्हती. मार खातानाही ती कुणाला शिवी देत नव्हती. तिने तो डबा भिंतीवर फेकला. वरण छतापर्यंत उडालं. मग ती ओरडली, शब्द नाही, नुसती ओरडली, आणि हातात आलेली सलाईनची काठी घेऊन त्या दोघींच्या अंगावर गेली. वॉर्डबॉयने धरली म्हणून त्या वाचल्या. त्या दोघी पळाल्या. म्हातारा तोंड झाकून रडत होता. थोड्या वेळाने तिने वॉर्डबॉयकडून फडकं मागितलं आणि भिंत स्वतः पुसली.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. मी चार माणसं ओळखली. पाना मारल्याचंही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज वाढला होता, मला आठवतं. पान्याची मला लाज वाटत नव्हती. दाराचं मात्र मी सांगितलं नाही. "मुलगी गाडी पाहायला आली होती," एवढंच लिहून दिलं. पडदे कोणी ओढले, दार कोणी लावलं, ते कोणी विचारलं नाही. म्हातारीने आपल्या जबाबात काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे पाहायची आणि मी नजर वळवायचो.

घरी आल्यावर मी बदललो. बायकोने सांगितलं म्हणून कळलं, मला कळत नव्हतं. जेवताना पाण्याचा पेला उशिरा आला म्हणून मी ताट उलथं केलं. दुकानात एका ट्रकवाल्याने घाई केली तर मी त्याची कॉलर धरली. जून संपता संपता त्या गावचे पाच-सहा जण दुकानात आले, ट्रॅक्टरवालाही होता. "मिटवून टाका भाऊ," ते म्हणाले. "पोरं कामधंद्याची हायेत. त्या पोराचे तीन दात गेले, तोही केस नाई करत." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मी नसतो तं तुमी नसते, एवढं तरी ठेवा मनात." त्याचं म्हणणं खरं होतं. मी काउंटरवरचा हेडलाइट उचलून त्याच्या पायाशी आपटला. काच त्याच्या पिंढरीत घुसली. ज्याने माझा जीव वाचवला, त्या माणसाचं रक्त माझ्या दुकानाच्या फरशीवर पडलं, आणि तुमसरला वाटलं होतं तसंच मला क्षणभर बरं वाटलं.

ते लोक गेल्यावर मी शटर खाली ओढलं आणि आत बसून राहिलो. बायको अंगणवाडीतून आली, तिने शटर वर केलं, फरशी पाहिली. सगळं ऐकून घेतलं.

"दार लावल्याचं सांगतलं का तुमी पोलिसाइले?" तिने विचारलं.

"नाई."

"काहून?"

"त्याइची केस हलकी होईल. म्हणतील, पोरगी कोंडली होती."

"मंग होऊ द्या हलकी," ती म्हणाली. "त्या बाईले मार बसला, तिच्यावरचा भरम खोटा होता. त्या काकूचा भरम कशानं झाला, तेही येऊ द्या ना समोर. तुमी आपल्या चुकीवर पडदा टाकून दुसऱ्याच्या चुकीवर बोंबलून राहिले, म्हणून हात चालतेत तुमचे."

मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो आणि पुरवणी जबाब दिला. दिवे दाखवण्यासाठी पडदे मी ओढले, दार मी लावलं, मुलगी दिवे पाहून आनंदाने ओरडली. व्हिडिओ मीही पुढे पाठवला होता, हेही सांगितलं. त्याचं त्यांना काही नवल वाटलं नाही. लिहून घेणारा म्हणाला, "इतकं सगळं सांगायची गरज नव्हती." ट्रॅक्टरवाल्याच्या घरी मी त्याच आठवड्यात गेलो. त्याच्या पिंढरीला टाके पडले होते. त्याने मला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि मी माफी मागत असताना सगळा वेळ टीव्हीकडे पाहत राहिला. केस अजून चालू आहे. तारखा पडतात.

मिनीबस ठाण्याच्या आवारात पावसाळाभर उभी होती. दिवाळी होऊन गेल्यावर ती सोडवायला नर्सबाई एका भाच्याला घेऊन आल्या. म्हातारा आला नव्हता. त्यांनी मला फोन करून बोलावलं. समोरची काच नव्हती, सीटवर शेवाळ धरलं होतं, पलंगाखाली उंदरांनी घर केलं होतं. नऊ दिव्यांतले सात ओढून नेलेले किंवा फोडलेले. मी म्हटलं, काच लावून देतो, गाडी चालू करून देतो, दिवे राहू द्या.

"नहीं," त्या म्हणाल्या. "लाइट भी लगा दीजिए."

मी दोन दिवस काम केलं. डाव्या हाताने पक्कड धरायला तेव्हा मी शिकतच होतो, हत्यार सारखं पडायचं. नर्सबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पाहायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी छतातली तार ओढत असताना त्या म्हणाल्या, साहेबांचा उजवा हात पेन्सिल धरत नाही, घरात कोणी मोठ्याने बोललं की खोलीचं दार लावून घेतात. पुन्हा इकडे येणार नाहीत. गाडी एका शाळेला देणार आहेत, पुस्तकं ठेवायला.

मी खाली उतरलो. म्हटलं, "दीदी, उस दिन दरवाजा..."

"मैंने पढ़ा है," त्या म्हणाल्या. "वकील ने दिखाया. पहले वाला भी, बाद वाला भी."

"तुमच्या जबाबात होतं?"

"पहले दिन से था."

म्हणजे त्या वॉर्डात, चार खाटांच्या अंतरावर, मी नजर चुकवत होतो तेव्हाही त्यांनी ते सांगितलेलं होतं. त्या मला काही बोलल्या नव्हत्या. माझं मी बोलतो की नाही, हे त्या पाहत होत्या, किंवा माझ्याकडे पाहायलाही त्यांना तेव्हा वेळ नव्हता. मी विचारलं नाही. त्यांनी माफ केलं असंही म्हटलं नाही.

मी इंजिन चालू केलं, रेस दिली, मीटरवर दाब त्यांना दाखवला. दिवे पेटले. दार उघडंच होतं. नर्सबाई आत चढून मागेपर्यंत चालत गेल्या, शेगडीच्या जागेवरचा गंज बोटाने खरवडून पाहिला आणि परत पुढे येऊन भाच्याच्या शेजारी बसल्या. तुमसरवरून बालाघाटचा रस्ता चांगला आहे का, असं भाच्याने विचारलं. मी म्हटलं, तुमसरपर्यंत चांगला आहे, पुढे सांभाळून. त्याने गिअर टाकला.